चाकाशी बोलणारे रतीआप्पा

आमच्या गल्लीत पाहुणे म्हणून अवश्य या, पण चारचाकी घेऊन आलात तर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालेलं रतीआप्पांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. एरवी त्यांचे कान यथातथाच. ग्रामपंचायतीचा भोंगा, मारुतीच्या देवळातली आरती, माझ्या म्हशीचं हंबरणं आणि मी मारलेल्या हाका, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पण गल्लीत हँडब्रेक 'कर्र' वाजला की आप्पा घरातून निघालेच. तुम्ही दार उघडून एक पाय खाली टाकेस्तोवर ते तुमच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले असतात. एका हातात दाढीचा जुना ब्रश, दुसऱ्या हातात रिठ्याच्या पाण्याचा तांब्या आणि चाकाखाली सरकवलेली पितळी परात.

गाडी धूत नाहीत ते. टपावर कावळ्याने संसार थाटलेला असला तरी आप्पा मान वर करणार नाहीत. फक्त चाकं. त्यातही लोखंडी चाकांत त्यांचा जीव नाही. ती म्हणे बैलाच्या खुरासारखी, चिखलातच शोभतात. आप्पांना लागतात ती आजकालची अलॉय चाकं, चांदीच्या रंगाची, फुलासारख्या आऱ्यांची. चारही चाकं लखलखली की आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि गाडीवाल्याला दोनच शब्द सांगतात, "घरमा या."

याला आमंत्रण समजू नका, हा हुकूम असतो. घरात जावंच लागतं, बसावंच लागतं आणि आप्पांनी स्वतः उकळलेला काळाकुट्ट चहा प्यावाच लागतो. वाट चुकून आलेला एक विमा एजंट दुपारी शिरला तो दिवेलागणीला बाहेर पडला, आणि पडताना स्वतःचीच पॉलिसी काढून निघाला. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार गाड्यांचा ताफा घेऊन मतं मागायला आला. आप्पांनी ओळीने सगळा ताफा धुवायला घेतला. उमेदवाराला घरात बसवलं. पुढच्या गावची सभा त्याची वाट बघून उठून गेली. तो पडला. आमच्या कळसाडीत आजही लोक मानतात की त्याला आप्पांनी पाडला.

"इतकं नव्हतं हो," आतून आमची कांता म्हणते. माझ्या प्रत्येक वाक्याला ती हे शेपूट लावते. लग्न झाल्यापासून मी मुंगीला शिंगं लावतो आणि ती ती शिंगं मोडते. संसार असाच चालला आहे. तेव्हा वाचकांनी माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं. चाकांबद्दलचं मात्र सोडू नये.

आप्पांचं बोलणं सगळं अहिराणी. खाली ते बरंचसं मी छापील मराठीत आणलं आहे. काही वाक्यं आणता आली नाहीत, ती तशीच ठेवली. त्यातलं पहिलं हे. "माणूस देखाना टाचले, गाडी देखानी चाकले." माणूस पाहावा टाचेवरून, गाडी पाहावी चाकावरून. तोंड काय, कोणीही धुतो. टाच सांगते की हा माणूस कुठून चालत आला आणि घरी त्याची काळजी घेणारं कोणी आहे की नाही.

चाक वाचणं हा तर आप्पांचा हातखंडा. बोटाने मळ उचलायचा, अंगठ्यावर चोळायचा आणि सांगायचं. ही उसाच्या फडातली काळी माती. हा तोरणमाळच्या वाटेवरचा तांबूस धुरळा. आणि हा काळा, तेलकट, आऱ्यांच्या सांध्यात बसलेला, हा रस्त्याचा नाही, हा ब्रेकचा. घाट उतरताना ज्याने भीतीने ब्रेक दाबला त्याच्या भीतीची ती पूड. पुढच्या चाकांवर ती नेहमी जास्त असते. आप्पा म्हणायचे, पुढलं चाक म्हणजे घरातला थोरला. थांबायचं त्यानेच आणि मळही त्याच्याच अंगावर. एकदा एका पाहुण्याचं चाक वाचून आप्पांनी बायकोदेखत विचारलं की सासरवाडीला जातो सांगून तुम्ही तापीकाठच्या मळ्यात कशाला गेला होतात. तो पाहुणा पुन्हा गल्लीत दिसला नाही. ("इतकं नव्हतं हो.")

धुण्याची रीतही ठरलेली. तापल्या चाकावर पाणी घालायचं नाही. आधी सावलीत निवू द्यायचं. मग वरून साधं पाणी, मग रिठा, मग ब्रश. ब्रश जिथे शिरत नाही तिथे कापसाची काडी, तिच्या टोकाला धोतराची चिंधी. डांबर चिकटलं असेल तर रॉकेलचा थेंब. एक चाक धुऊन पुसल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. आणि सगळं मळकं पाणी परातीतच पडलं पाहिजे, जमिनीवर थेंब नको. आमची समजूत, म्हातारा चिकट आहे, तेच पाणी कढीपत्त्याला घालत असणार. मी तर पैज लावून सांगायचो की आप्पांच्या कढीपत्त्याच्या फोडणीला ब्रेकचा वास येतो.

आता मळीचं सांगतो, कारण पुढचं सगळं मळीतच बुडालेलं आहे.

आप्पा उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. उसाच्या रसातून साखर काढून घेतली की खाली जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. लोक ती गुरांना घालतात. आप्पा ती गंजाला घालत. गंजलेलं लोखंड मळीच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलं की गंज आपोआप सुटतो आणि खालचं लोखंड नवं होऊन निघतं. हे मात्र खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विळे, नांगराचे फाळ, कुलपं, विहिरीचा रहाट, गावातल्या न्हाव्याच्या कात्र्या, सगळं आप्पांच्या पिंपातून पुनर्जन्म घेऊन गेलं. माझी सासऱ्यांनी दिलेली सायकल त्यांनी पिंपात टाकली तर ती इतकी नवी होऊन निघाली की हँडलला दुकानदाराची चिठ्ठी लटकत होती. कोणी काहीही गाऱ्हाणं सांगितलं की आप्पांचं उत्तर एकच, "मळीमा टाक." फाळ गंजला, मळीत टाक. सून ऐकत नाही, मळीत टाक. सरकार बदलत नाही, तेही मळीत टाक.

आप्पांना मुलगी एकच, हेमलता. आई तिची शाळेत असतानाच गेली. आप्पांनी तिची वेणी घालण्यापासून सगळं केलं. वेणी ते केबलसारखी पिळायचे, पण सुटायची नाही. हेमा शिकली, तळोद्याकडे आश्रमशाळेत शिक्षिका झाली. आमच्या गुजर गल्लीत तिच्यासाठी स्थळांची रांग लागली होती. आप्पांनी भांडी घेऊन ठेवली, त्यांवर नाव घालून ठेवलं आणि हेमाने सांगितलं की ती दानियलशी लग्न करणार.

दानियल नवापूरकडच्या डोंगरातला, घरची बोली तिथल्या आदिवासींची कोकणी, घरचा देव येशू, आणि पेशाने गुरांचा डॉक्टर. आप्पांनी ना शिवी दिली ना हात उगारला. ते फक्त लग्नाला गेले नाहीत. नंदुरबारला रजिस्टर लग्न झालं. मी आणि कांता गेलो होतो. हार घालून झाल्यावर हेमा दाराकडे बघत होती, आणि दानियल हेमाकडे.

दोनेक वर्षांनी आप्पांनी निरोप धाडला, हेमाला म्हणावं ये. हेमाला. दुसऱ्या कोणाचं नाव निरोपात नव्हतं. आमच्याकडे जावई पहिल्यांदा घरी येतो तेव्हा सासरा त्याला पाटावर बसवतो, परातीत त्याचे पाय धुतो, पुसतो, आणि मग तो घरात वावरतो. पाय धुतल्याशिवाय, बोलावल्याशिवाय जावई उंबरा ओलांडत नाही. तेव्हा दानियल हेमाला पांढऱ्या गाडीतून घेऊन आला, आप्पांच्या दारासमोर कडुनिंबाखाली गाडी उभी केली, हेमा आत गेली, आणि हा गाडीत बसून राहिला.

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे चला, चहा घ्या."

"येईन ना काका," तो म्हणाला. "पण पहिलं पाऊल त्या घरात. मग तुमच्याकडे."

मग मी चहा गाडीत धाडला. त्याने तो प्यायला आणि बशीसुद्धा धुऊन परत केली.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आप्पा तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने बाहेर आले. तुळस दाराशी, गाडी कडुनिंबाखाली, पण आप्पा तांब्या घेऊन कडुनिंबापर्यंत गेले. तिथे त्यांनी ती चाकं पाहिली. दानियल डोंगरातल्या पाड्यांवर गुरं तपासत फिरणारा माणूस. अलॉय चाकं होती असं त्या मळावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आप्पांच्याने राहवेना. ते घरात गेले, ब्रश आणि परात घेऊन आले आणि चाकापाशी बसले.

दानियल गडबडला. दार उघडून खाली उतरायला लागला. आप्पा त्याच्याकडे न बघता चाकालाच म्हणाले, "बठ, बठ. दार लावी ले."

दानियल पुन्हा बसला. आणि त्या दिवसापासून गल्लीला जो खेळ पाहायला मिळाला त्याला तिकीट लावलं असतं तर मी आज खताचं दुकान चालवत नसतो. वर सीटवर जावई, खाली जमिनीवर सासरा, आणि बोलणं सगळं चाकाशी.

"कथा गयथा रे?" आप्पा चाकाला विचारायचे. कुठे गेला होतास?

"तोरणमाळला," वरून उत्तर यायचं.

"ब्रेक जास्ती दाबस तू."

"घाट आहे ना आप्पा."

थोडा वेळ ब्रशचा आवाज. मग पुन्हा खालून, "जेवीसन निंघना का?"

चाकाला जेवून निघालास का म्हणून विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वरून दानियल सांगायचा की हो, भाकरी खाऊन निघालो, हेमाने ठेचा केला होता. खालून 'हं' यायचं. वासरं किती झाली, लाळ्या खुरकुताची लस आली का, हेमाचा खोकला गेला का, सगळं चाकाला विचारलं गेलं आणि सगळ्याचं उत्तर वरून आलं. गंमत अशी की जावयाला 'तुम्ही' म्हणायला हवं आणि परक्याला 'तू' चालतं. आप्पांनी चाकाशी बोलून तो प्रश्नच मिटवला. दानियलला ते कधी हाक मारत नसत. माझ्याजवळ बोलताना 'तो गाडीवाला' म्हणायचे.

चाकं धुऊन झाली की आप्पा उठायचे. तोंड उघडायचे. अख्खी गल्ली आपापल्या ओट्यावर श्वास धरून बसलेली असायची, कारण आता ते दोन शब्द येणार, 'घरमा या'. आप्पा तोंड मिटायचे, परात उचलायचे आणि आत जायचे. कांता म्हणायची, "आज ओठापर्यंत आलं होतं." पुढल्या वेळी दातापर्यंत आलं होतं म्हणायची. असं ते वर्षानुवर्षं येत राहिलं.

एकदा आप्पांना चाकाच्या आतल्या बाजूला शिशाच्या बारीक पट्ट्या चिकटलेल्या सापडल्या. त्यांना वाटलं कोणीतरी घाण चिकटवली आहे. त्यांनी पटाशी लावून एकेक पट्टी उचकटली आणि आऱ्या आरशासारख्या केल्या. त्या पट्ट्या चाकाचा तोल सांभाळायला लावलेल्या असतात हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तळोद्यापर्यंत ती गाडी अंगात आल्यासारखी घुमत गेली. हेमाने नंतर कांताला सांगितलं की तिची दाढ हलली. दानियलने पट्ट्या पुन्हा लावून घेतल्या आणि आप्पांना कळू दिलं नाही. पुढच्या खेपेला आप्पांनी पुन्हा काढल्या. त्याने पुन्हा लावल्या. तिसऱ्या वेळी आप्पा चाकाला म्हणाले की ही घाण फार चिवट दिसते, तर वरून उत्तर आलं, "असू द्या आप्पा, तिलाही जागा हवी." तेव्हापासून आप्पांनी पट्ट्यांना हात लावला नाही.

पण डाग होते. ब्रेकची पूड तापून तापून चाकात भाजली गेली होती आणि तांबूस ठिपके पडले होते. ते रिठ्याने जात नव्हते, चिंचेने जात नव्हते, रॉकेलनेही नाही. आप्पांची झोप उडाली. मला म्हणाले, "भाऊ, गंज शे हाई." गंज आहे हा. आणि मग त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहूनच मी समजलो की आता मळी निघणार.

निरोप्या मी. कडुनिंबाखाली जाऊन मी दानियलला सांगितलं की आप्पांना आठवडाभर चाकं हवी आहेत. त्याने एक प्रश्न विचारला नाही. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि दोघं बसने गेले. जाताना हेमा मला म्हणाली की काका, आप्पांनी यांच्याकडे कधी काही मागितलंय का, पहिल्यांदाच मागितलं.

गाडी विटांवर चढली. पंक्चरवाल्याने टायर काढून दिले. चारही चाकं दोन पिंपांत, मळीच्या पाण्यात बुडाली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत साखर न घालता चहा गोड लागत होता. मुंग्या तर इतक्या आल्या की तळोद्याच्या मुंग्या शहाद्याच्या मुंग्यांना वाट विचारत होत्या. माझी म्हैस दावं तोडून पिंपापाशी जायची. पाण्यातून बारीक बुडबुडे निघत होते. आप्पा ते बघून खूश व्हायचे. गंज सुटतोय म्हणायचे.

गंज नव्हताच. अलॉय म्हणजे लोखंड नाही, ॲल्युमिनियम. मळी लोखंडाला हात लावत नाही, फक्त त्याचा गंज खाते. पण ॲल्युमिनियमला ती चाकासकट खाते. हे आम्हाला चाकं बाहेर आल्यावर कळलं. काळी-राखाडी, खडबडीत, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखी. आप्पांनी एक चाक धुतलं, दुसरं धुतलं. तिसऱ्याला हात न लावता ते ओट्यावर बसले. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं होतं. कांताने माझा हात दाबला.

दानियल आणि हेमा आले तेव्हा आप्पा दाराआड उभे होते. दानियल चाकांपाशी बसला. त्याने बोट फिरवलं, जसं आप्पा फिरवायचे तसं. मग दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाला, "आप्पा, चाक गोल आहे ना अजून? मग झालं."

टायर चढवून आणले आणि त्याने स्वतः चारही चाकं बसवली. कोपरापर्यंत हात काळे, मळीने चिकट. सदऱ्यावरही मळी. उठून तो तसाच हात लांब धरून उभा राहिला. हेमा आत जाऊन बापाला म्हणाली, "आप्पा, निदान हात धवाले तरी त्यासले घरमा बलावा."

गल्लीत पानही हलत नव्हतं. याच्याइतकं सोपं निमित्त देवाने दुसरं कोणाला दिलं नसेल. आप्पा बाहेर आले. हातात परात, परातीत पाणी. त्यांचे ओठ हलले. मी ओट्यावरून स्पष्ट पाहिलं, हलले. मग त्यांनी परात खाली ठेवली, उंबऱ्याच्या बाहेर, आणि मागे सरले.

दानियलने बसून हात धुतले. मी टॉवेल घेऊन जवळ गेलो होतो. मळी सुटली, पाणी काळं झालं, आणि काठावर कोरलेली अक्षरं ओली होऊन चमकली. 'चि. सौ. कां. हेमलता'. इतकी वर्षं ती परात मी लांबून पाहत होतो आणि कढीपत्त्याचे विनोद करत होतो. लग्नासाठी घेऊन ठेवलेली परात ती. जावयाचे पाय धुवायची.

दानियलने अक्षरं वाचली. बराच वेळ वाचली. मग टॉवेल घेतला, मला 'थँक्यू काका' म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर आप्पा गाडी आली की बाहेर येईनात. मी एकदा जाऊन रागावलो. म्हटलं, चार चाकांचं काय घेऊन बसलात, त्याने मनातसुद्धा आणलं नाही. आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "ज्याचे पाय धुवायचे, त्याचेच जाळून ठेवले मी, भाऊ. आता कोणत्या तोंडाने बोलवू?"

आणि दुसरीकडे तो शहाणा काय करत होता? मी एकदा शेतातून येत होतो तर पाटचारीजवळच्या चिखलात पांढरी गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत होती. मला वाटलं रुतली. धावत गेलो. दानियल काच खाली करून लाजला. म्हणाला, "रस्ता आता चांगला झालाय काका. चाकं स्वच्छच राहतात. मग आप्पा बाहेर कशाला येतील?" गुरांचा डॉक्टर, सरकारी माणूस, सासऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणून चिखलात गाडी लोळवत होता. त्या दिवशी ती चाकं अशी माखली होती की म्हैस बरी. कडुनिंबाखाली गाडी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. चिखल वाळून पांढरा पडला. आप्पांच्या खिडकीचं एक दार किलकिलं होतं, ते तसंच राहिलं.

असं दोन-तीनदा झालं. मग दानियलची बदली झाली, पार गडचिरोलीकडे. निघायच्या आधी ते आले होते. आप्पांनी हेमाच्या पिशवीत तूर, मिरच्या, पापड असं दोन माणसांना दोन वर्षं पुरेल इतकं भरलं. कडुनिंबाकडे बघितलं. बाहेर आले नाहीत.

गाडी वळली, गल्लीच्या तोंडाशी गेली, आणि तेव्हा आप्पा दारात आले. "घरमा या," म्हणाले. अगदी मोठ्याने. मी ऐकलं, कांताने ऐकलं, म्हशीनेही ऐकलं. गाडीच्या काचा वर होत्या.

तेव्हापासून हे सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात कोणा एका बियाणे कंपनीच्या माणसाची गाडी कडुनिंबाखाली थांबली आणि आप्पा परात घेऊन धावले. मग विमावाला, मग उमेदवार, मग गल्लीत वळायला आलेली प्रत्येक गाडी. जे दोन शब्द एका माणसासाठी इतकी वर्षं घशात अडकले होते, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्यावर सांडतात. लोक हसतात. मीही हसतो. सवय आहे.

मागच्या उन्हाळ्यात हेमा आली, एकटी, बसने. बरोबर गोणपाटात बांधलेलं जड काहीतरी. कंडक्टरने म्हणे विचारलं, बाई, यात काय, तर ही म्हणाली, माहेरची भेट. गोणपाट सोडलं तर आत ते चाक. खडबडीत, राखाडी. गाडी विकली, ती म्हणाली, पण हे त्यांनी विकू दिलं नाही. म्हणाले, आप्पांच्या हाताला काम हवं.

आप्पांनी चाक मांडीवर घेतलं. विचारलं, बाकीची तीन? हेमा गोणपाटाची घडी घालत म्हणाली, त्यांच्याकडे आहेत. रात्रीच्या भाकरी करताना तिने कांताला खरं सांगितलं. एवढ्या लांबून चार चाकं आणणार कशी. तीन भंगारात गेली. आप्पांना सांगवलं नाही.

आप्पांनी ते चाक घेतलं ते सोडलंच नाही. या वेळी मळीचं नाव नाही. शहाद्याच्या गॅरेजवाल्याकडे जाऊन बसले, विचारून आले. आधी जाड पॉलिश पेपर, पाणी लावून, गोल गोल. मग पुट्टी भरून एकेक खड्डा बुजवणं. मग बारीक पेपर, त्याहून बारीक पेपर, डोळे मिटून बोट फिरवायचं आणि कुठे लागलं की पुन्हा. मग प्रायमर, चांदीचा रंग, वरून चकाकी. गुडघे फार वेळ वाकत नाहीत आता, म्हणून चाक त्यांनी समोर पाटावर ठेवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून घासलं. पाटाखाली परात.

परवा मी आणि कांता गेलो तेव्हा चाक पुरं झालं होतं. माझं तोंड त्यात दिसत होतं, आणि दहा वर्षांनी लहान दिसत होतं. मी म्हटलं, आप्पा, आता धाडून द्या हेमाकडे. आप्पांनी मान हलवली. एका चाकाने गाडी होत नाही म्हणाले. मग चाकावरून धोतराचं टोक फिरवत, चाकाशी नाही, माझ्याशी बोलले.

"तीन जावईबापू लई येतीन." लई येतीन म्हणजे घेऊन येतील.

जावईबापू. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी कांताकडे बघितलं. ती चाकाकडे बघत होती.

"येतील तर काय," मी म्हटलं. "एक धाडलंय म्हणजे तीन घेऊन येणारच. अहो, तिकडून निघालेसुद्धा असतील. घाटात असतील आता, चाकं माखून."

आप्पा उठले आणि परात घासायला आत घेऊन गेले. मी 'इतकं नव्हतं हो'ची वाट पाहिली. कांता काहीच म्हणाली नाही.